पहिली नोकरी: सल्लागाराची की कारखान्याची?



१ डिसेंबर उजाडला की आयआयटींमध्ये नोकऱ्यांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. पुणे, सांगली, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर त्याआधीच, शेवटचं वर्ष सुरू होता होताच कंपन्या येऊन गेलेल्या असतात. या धामधुमीत दरवर्षी काही मुलामुलींच्या हातात दोन पत्रं पडतात, एक कॅम्पसमधून आणि दुसरं बाहेरून खटपट करून मिळवलेलं. एक असतं सल्लागार कंपनीचं, म्हणजे कन्सल्टिंगचं. दुसरं चाकण, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातलं, 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' या हुद्द्याचं. पहिल्यातला आकडा बहुधा मोठा असतो. मग घरात बैठक बसते. मामा म्हणतात, पॅकेज बघ. वडील म्हणतात, कंपनीचं नाव बघ. आईला काळजी, रात्रपाळी आहे का याची. रोज नेमकं काम काय करावं लागेल, हे मात्र त्या बैठकीत फारसं कोणी विचारत नाही.

खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कन्सल्टिंगच्या पाटीखाली निरनिराळी कामं चालतात. कोणी कंपनीच्या वरिष्ठांना धंद्याची दिशा सुचवतं. कोणी कारखान्यात किंवा बँकेत नवी संगणकप्रणाली बसवून देतं. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स १९६२ पासून वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं अभियांत्रिकी संकल्पन करते, तेही कन्सल्टिंगच. या तिसऱ्या प्रकारात अभियंता अभियंताच राहतो. पहिल्या दोन प्रकारांत नवख्याचा दिवस एक्सेलमध्ये, ग्राहकांच्या बैठकांत आणि सादरीकरणाच्या स्लाइड घासूनपुसून लखलखीत करण्यात जातो. यात कमीपणा काही नाही. बाविसाव्या वर्षी आज औषधं, उद्या सिमेंट, परवा विमा असे निरनिराळे धंदे आतून बघायला मिळतात. चार माणसांसमोर मुद्दा नेमका मांडायची सवय लागते, आणि ती जन्मभर पुरते. पण अहवाल सादर झाला की तो संघ पुढच्या ग्राहकाकडे निघतो. सुचवलेला बदल सहा महिन्यांनी टिकला की कोसळला, हे त्या नवख्याला अनेकदा कळतही नाही.

कारखान्यात ते कळल्याशिवाय राहत नाही. पहिलं वर्ष या विभागातून त्या विभागात फिरण्यात जातं. सेफ्टी शूजची सवय होईपर्यंत पाय सोलवटतात. पहिल्या पाळीला भल्या पहाटे कंपनीची बस पकडावी लागते. आणि मग एके दिवशी लाइन बंद पडते. पंपाच्या मोटरीतून बारीक खरखर येत असते. मेंटेनन्सचा जुना फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि क्षणभराने सांगतो, ''साहेब, पलीकडचं बेअरिंग गेलंय.'' पदवीच्या चार वर्षांत कंपनांची समीकरणं सोडवलेल्या मुलाला ती कंपनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतात. बेअरिंग आता बदलायचं की पाळी संपेपर्यंत रेटायचं, याचा निर्णय त्याच्या वरिष्ठाने घेतलेला तो बघतो. वर्षभराने तसाच निर्णय त्याला घ्यावा लागतो. चुकला तर संध्याकाळपर्यंत रिजेक्शनच्या पेटीत त्याचा पुरावा साचलेला असतो.

या शिक्षणाची किंमत काय, हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतं. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो तो त्यांच्याच जन्मदिनी. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, ते अभियंता होऊन बाहेर पडले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे अशा बदल्या झाल्या. खानदेशात पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधायचं काम नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्या गळ्यात पडलं, आणि ते पुराशी झगडत करावं लागलं. पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपल्या आराखड्याची स्वयंचलित दारं बसवली. धरणाची भिंत न वाढवता पाण्याचा साठा वाढला. पूर आला की दारं आपोआप उघडत आणि ओसरला की मिटत.

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं. विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीतून नुकतेच बाहेर पडत होते आणि युरोपच्या दौऱ्यावर होते. निजामाच्या सरकारने त्यांना खास सल्लागार अभियंता म्हणून बोलावून घेतलं. काही महिन्यांच्या त्या कामात त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय बांधायचा सल्ला दिला. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, ते त्याच दिशेने. सल्ल्याचं काम काही महिन्यांचं होतं खरं, पण त्यामागे जवळपास पाव शतकाचं पाटबंधाऱ्यांचं काम उभं होतं. निजामाचं सरकार त्यांच्याकडे गेलं ते त्याच भरवशावर.

आजच्या काळातही आधी यंत्राजवळचं काम आणि मग मोठी जबाबदारी, हा क्रम दिसतो. सुंदर पिचाई खरगपूरच्या आयआयटीतून धातुशास्त्राचे अभियंता होऊन अमेरिकेत गेले. आधी त्यांनी सेमीकंडक्टरची यंत्रं बनवणाऱ्या अप्लाइड मटेरियल्समध्ये काम केलं. व्हार्टनची एमबीए आणि मॅकिन्झीतली सल्लागारी त्यानंतरची, आणि गूगल २००४ मध्ये. मेरी बारा यांनी १९८० साली, अठराव्या वर्षी, जनरल मोटर्समध्ये गाड्यांचे मडगार्ड आणि बॉनेटचे पत्रे तपासायचं काम घेतलं. त्या पैशातून विद्युत अभियांत्रिकीचं शिक्षण केलं. वडील त्याच कंपनीत डाय मेकर होते. २०१४ मध्ये त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती लपवून चालणार नाही. लू गर्स्टनर अभियांत्रिकी शिकले, हार्वर्डची एमबीए घेतली आणि १९६५ मध्ये थेट मॅकिन्झीत गेले. १९९३ मध्ये आयबीएमची सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्या कंपनीचे तुकडे करावेत अशी हवा होती. त्यांनी कंपनी एकसंध ठेवली आणि सावरली. ज्याचा ओढा यंत्रापेक्षा धंद्याकडे, माणसांकडे, व्यवहाराकडे आहे, त्याने कारखान्यात मन मारून तीन वर्षं काढण्यात काही अर्थ नाही.

पण ज्याला यंत्र, रसायन, काँक्रीट किंवा सर्किट मनापासून आवडतं, त्याने पहिली नोकरी अभियंत्याचीच धरावी. कारखान्यात तीन-चार वर्षं काढलेल्या माणसाला सल्लागार कंपन्या पुढे बोलावतात, कारण ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर त्याला बोट धरून न्यावं लागत नाही. उलट वाट अवघड. तीन-चार वर्षं सादरीकरणं केलेल्या माणसाला डिझाइन विभागात घेताना तांत्रिक प्रश्न विचारले जातात, आणि तोवर हात गंजलेला असतो.

पैशाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील आणि घर त्या पगारावर चालायचं असेल, तर मोठा आकडा निवडणाऱ्या मुलीला कोणी नावं ठेवू नयेत. फक्त आकडा नीट वाचावा. सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा वाटा अनेकदा धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराचे ४.८१ टक्के लावलेले असतात, आणि कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग काम केल्यावरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या हाती ती रक्कम लागतच नाही. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा असतो का, तेही बघावं. कारखान्याच्या पत्रात बाँड असेल, तर तो निव्वळ कागद समजू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या सेवेची आणि मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे.

म्हणून दोन पत्रं हातात असलेल्या तरुण श्रोत्यांना एक विनंती. होकार कळवण्याआधी दोन्ही कंपन्यांत दोन वर्षांपूर्वी लागलेला, आपल्याच कॉलेजचा एकेक माणूस शोधा आणि त्याला फोन करा. पगार विचारू नका, तो पत्रात आहेच. गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंस, एवढंच विचारा, आणि तो सांगेल ते वहीत लिहून घ्या. मग ती वही घेऊन मामांसमोर बसा.