‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी



गोल्फ हा शब्द कार्यकर्त्यांच्या बैठकीत उच्चारला की बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पुढे ऐटीत चालणारा साहेब आणि मागे काठ्यांचे ओझे वाहणारा पोऱ्या, असे या खेळाचे चित्र जनमानसात रुजले आहे. ते निराधार नाही. तथापि रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या खाडीपासून फार दूर नसलेल्या खारघरच्या डोंगरपायथ्याशी, २०१२ साली एक गोल्फ मैदान खुले झाले. ते कोणा उद्योगपतीचे नाही. राज्य सरकारच्या मालकीच्या सिडकोने ते सार्वजनिक मैदान म्हणून उभारले आणि त्याचा विस्तार शंभर हेक्टरांच्या आसपास आहे. श्रीमंतांचा चोचला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणे सोपे आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा हिशेब मागणे अवघड आहे, आणि चळवळीचे काम तेच आहे.

हा खेळ मुळात साहेबांचा होता काय? इतिहास वेगळे सांगतो. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजसत्तेने गोल्फवर बंदी घातली, कारण सामान्य माणसे तिरंदाजीचा सराव सोडून या खेळात रमू लागली होती. सेंट अँड्र्यूज गावालगतचे समुद्रकाठचे वाळूचे माळरान ही गावाची सामायिक जमीन होती. तेथे खेळण्याचा ग्रामस्थांचा हक्क १५५२ च्या सनदेत नमूद झाला. पुढे गावाची नगरसभा कर्जात बुडाली आणि १७९७ साली ही जमीन हातची गेली. व्यापाऱ्यांनी तेथे विक्रीसाठी ससे पाळले. सशांनी मैदान पोखरले आणि गावकरी व व्यापारी यांच्यात वर्षानुवर्षे झगडा चालला. अखेर १८९४ साली कायद्याने ते मैदान गावाकडे परत आले, आणि १९७४ च्या कायद्यान्वये ते एका विश्वस्त मंडळाच्या हाती आहे. तेथील सर्वांत जुन्या मैदानावर सामान्यतः रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांसह, कुत्र्यांसह तेथे फिरतात. गायरानासाठी भांडलेल्या कोकणी शेतकऱ्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

हा खेळ हिंदुस्थानात आला तो मात्र राज्यकर्त्यांच्या सामानातून. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. येथे सामायिक माळरान नव्हते, होते ते कुंपण. १९१८ साली मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, तो गोरे आणि हिंदी यांना एकत्र वावरता यावे म्हणून. वर्णाची भिंत तेथे पडली, पैशाची उभी राहिली. म्हणजे ज्याला या खेळाचा स्वभाव म्हटले जाते, तो वस्तुतः साम्राज्याचा आणि वर्गाचा स्वभाव आहे.

सार्वजनिक मैदानाची कल्पना या भिंतीला दिलेले उत्तर होय. सागरतीरीची वाळू सोडून हा खेळ शहरांतल्या वृक्षांच्या आणि हिरवळीच्या उद्यानांत शिरला, आणि १८९५ साली न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंड उद्यानात अमेरिकेतील पहिले सार्वजनिक मैदान सुरू झाले. सभासदत्व नको, शिफारस नको. शुल्क द्यावे आणि खेळावे. परंतु कागदावरचा ‘सर्वांसाठी’ हा शब्द प्रत्यक्षात कोणासाठी असतो? १९५१ साली अटलांटा शहरात एका कृष्णवर्णीय डॉक्टरांना आणि त्यांच्या मुलांना नगरपालिकेच्या मैदानावरून परत पाठवण्यात आले. ते न्यायालयात गेले. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती मैदाने खुली झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कृष्णवर्णीय खेळाडूंनी तेथे पाऊल टाकले.

हे वाचताना रायगडच्या माणसाला महाड आठवल्यावाचून कसे राहील? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला मान्यता दिली. तरीही चवदार तळ्याचे पाणी तीन वर्षे तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पाणी आणि खेळ यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरेच. पाण्यावाचून माणूस मरतो. पण दोन्हीकडे धडा एकच मिळतो: सार्वजनिकता ठरावाने जाहीर होते, खरी होते ती माणसांच्या पावलांनी.

या खेळाचे आकर्षण समजून घेतल्याशिवाय त्यावरचा हक्क सांगता येणार नाही. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नसते. खेळाडूची झुंज जमिनीच्या चढउताराशी, वाऱ्याशी आणि स्वतःच्या उतावीळपणाशी असते. अठरा होलांचा एक डाव म्हणजे सहा-सात किलोमीटरांची पायपीट. सत्तरीचे आजोबा आणि शाळकरी नात एकाच डावात खेळू शकतात. नेहमीच्या खेळात मागे पंच नसतो. आपले फटके आपणच प्रामाणिकपणे मोजायचे असतात. आणि ‘हँडिकॅप’ची पद्धत तर समाजवाद्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. कमी कसलेल्या खेळाडूला त्याच्या मगदुराप्रमाणे काही फटक्यांची सूट मिळते, मग दोघे बरोबरीने खेळतात. विषमांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे म्हणजे समता नव्हे, हे या खेळाला केव्हाच उमगले आहे. राखीव जागांविरुद्ध तावातावाने बोलणारे कित्येक गृहस्थ हिरवळीवर ही सूट बिनदिक्कत घेतात!

खारघरला या आकर्षणात डोंगराची भर पडते. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा कोसळतो, उतारावरून ओहोळ धावतात, आणि सिमेंटच्या वसाहतींना लागून असलेली ही मोकळी जमीन डोळ्यांना विसावा देते. शहराला अशी जमीन हवीच. ती मिळाली कोठून, हे मात्र विसरता कामा नये. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातील शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई आणि पागोटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व त्या रक्तातून आले. नवी मुंबईतील प्रत्येक सार्वजनिक हिरवळीवर या गावांचे ऋण आहे.

ते ऋण फेडायचे तर कसोट्या स्पष्ट हव्यात. शुल्काचा फलक मराठीत, फाटकाबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा आहे काय? प्रकल्पग्रस्तांच्या आणि डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांना विनामूल्य शिक्षण आणि काठ्या मिळतात काय? गवत राखणाऱ्या माळ्यांना व कॅडींना किमान वेतन, विमा आणि रिकाम्या वेळी खेळण्याची मुभा आहे काय? एप्रिल-मेमध्ये हिरवळ जगते ती पिण्याच्या पाण्यावर, की शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर? आणि सेंट अँड्र्यूजप्रमाणे आठवड्यातून एक दिवस तरी ही जमीन नुसत्या फिरणाऱ्यांची होते काय?

या मागण्यांना स्वप्नरंजन म्हणणाऱ्यांनी अली शेर यांचे नाव आठवावे. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या या माणसाने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. ओझे वाहणाऱ्या हातांत गुण होता. संधी मिळाली तेव्हा तो दिसला. असे किती हात ओझ्याखालीच राहिले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी खारघरचे मैदान बंद करा अशी घोषणा देऊ नये. ‘उघडा’ अशी द्यावी, आणि शेतकऱ्याच्या नातवाला बरोबर घेऊन त्या फाटकापर्यंत जावे.