सौम्य औषध, कडक वेळापत्रक



सौम्य फवारण्यांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, त्यानं काही होत नाही. दुसरा म्हणतो, नैसर्गिक आहे ना, मग मारा कितीही. बुरशी पानावर नेमकी राहते कुठे, हे दोघंही बघत नाहीत. द्राक्षातली भुरी आणि केवडा घेऊन बोलतो.

भुरी वरच्यावर राहते. तिचे धागे पानावर, मण्यांवर पसरतात. आत जातात ते फक्त अन्न ओढणारे बारीक अवयव. उगवायला तिला पानावर पाणी साचावं लागत नाही, ढगाळ कोंदट हवा पुरते. पण उघड्यावर राहते, म्हणून साधी औषधंही तिला गाठतात. १८४५ साली इंग्लंडमधल्या मार्गेटला एडवर्ड टकर नावाच्या माळ्याच्या नजरेला ती पडली, आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या बागांवर गंधक धुरळणं सुरू झालं. तेच गंधक आजही चालतं. पोटॅशियम बायकार्बोनेटनं भुरीचे धागे आक्रसून कोलमडतात. ब्राझीलच्या वॅग्नर बेट्टिओल यांनी तर १९९९ साली हरितगृहातल्या झुकिनीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले: पाण्यात १० टक्के किंवा जास्त ताजं दूध मिसळून नियमित फवारलं, तर भुरी प्रचलित बुरशीनाशकाइतकीच आटोक्यात राहिली.

केवड्याचं वेगळं. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. एकदा आत गेल्यावर वर मारलेलं तांबं तिथे पोचत नाही. छपराची कौलं पावसाआधी शाकारतात, तसंच हे औषध पाऊस यायच्या आत पानावर बसलेलं हवं.

तांब्याच्या बोर्डो मिश्रणाचा शोधही केवड्यामुळेच लागला. १८८२ साली फ्रान्सच्या मेदोक भागात प्राध्यापक मियार्दे यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेली केवड्यातून वाचल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. १८८५ साली त्यांनी कृती प्रसिद्ध केली. आज १ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळा. मग घासलेला विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना लागेल. नाहीतर पानं भाजतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आता दुसऱ्या टोकाच्या मताकडे वळतो. तांबं जमिनीत विरत नाही, साठत जातं, आणि जास्त झालं की गांडुळांना सोसत नाही. म्हणून युरोपीय संघानं ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय बागाही तिच्यातून सुटत नाहीत. गंधकालाही मर्यादा आहेत. पारा ३२–३५ अंशांच्या वर गेला की कोवळी पानं भाजतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर लगेच मारलं तरी भाजतात. जैविक औषध म्हणून वापरतात ती ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. तिला तांब्याबरोबर एका टाकीत घातलंत तर पैसे पाण्यात.

मग सौम्य औषधांचा फायदा कशात? बहुतेक आंतरप्रवाही औषधं बुरशीच्या पेशीतल्या एखाद्याच नेमक्या जागी घाव घालतात, त्यामुळे बुरशी त्यांना सरावते. गंधक आणि तांबं अनेक ठिकाणी मारा करतात. शतक उलटलं तरी त्यांना दाद न देणारी भुरी-केवडा माजलेली नाहीत. मात्र ही औषधं चुकलेल्या वेळेची भरपाई करत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी कोवळ्या असताना, घड फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस आला आणि बागेत शिरायला दोन दिवस लागले, की तांबं मारून हात चोळत बसावं लागतं.

म्हणून सौम्य औषधांची पहिली तयारी टाकीत होत नाही. बगलफुटी काढा, घडाभोवतीची पानं विरळ करा, म्हणजे पान लवकर सुकेल आणि औषधही आतपर्यंत पोचेल. नोझल पानाच्या खालच्या बाजूला वळवा. पावसाचा अंदाज रोज बघा, पानं उलटी करून बघा. ज्याला एवढी फुरसत नाही, त्यानं सौम्य औषधांच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या बागेला ती महागच पडतील.