पेल्यात बिअर उरली का?

श्रोतेहो, 'फ्रूट बिअर' हे नाव आपल्याकडं फार सैल वापरलं जातं. कोल्ड्रिंकच्या दुकानात या नावानं मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मद्य नसतंच. आज मी बोलणार आहे ती मद्य असलेल्या, लिंबू-संत्र्याच्या जातीच्या बिअरबद्दल. म्हणजे ती चाखायची आणि पारखायची कशी, याबद्दल.

यातली सर्वांत साधी म्हणजे जर्मनीतली 'राडलर'. राडलर म्हणजे सायकलस्वार. बिअर आणि लिंबाचं गोड, फसफसतं पेय निम्मंनिम्मं. १९२२च्या उन्हाळ्यात म्युनिकजवळच्या एका खानावळीत सायकलस्वारांची झुंबड उडाली, बिअर संपत आली, तेव्हा मालकानं ही युक्ती केली, असं सांगतात. गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की लेना क्रिस्ट या बव्हेरियन लेखिकेच्या १९१२ सालच्या आत्मकथनात या पेयाचा उल्लेख आधीच आहे!

आता चाखण्याकडे वळू. बाटली बर्फासारखी गार नको. फार गारठ्यात जीभही बधिरते आणि वासही दडून बसतो. पेला स्वच्छ हवा. ओतल्यावर फेस पाहावा, पण तो लवकर बसला म्हणून लगेच नाक मुरडू नये. सालीतलं तेल फेसाचा शत्रूच असतं.

खरी परीक्षा वासाची. आंबटगोड फळाचा वास बिअरमध्ये तीन वाटांनी येतो. एक, हॉप्सच्या फुलांतून. अमेरिकेतल्या 'कॅस्केड' जातीच्या हॉप्सला ग्रेपफ्रूटचा वास येतो. फळाचा थेंबही न घालता. दुसरी वाट बेल्जियमची. होगार्डन गावात पिअर सेलिस यांनी १९६६मध्ये गव्हाची जुनी बिअर पुन्हा सुरू केली. तिच्यात संत्र्याची वाळकी साल असते आणि चक्क आपले धणे! पटत नसेल तर चार धणे खलबत्त्यात भरडून हुंगा, संत्र्याची झुळूक येईल. तिसरी वाट रस किंवा सरबत वरून घालण्याची. राडलर या वाटेवरची. वास ताज्या सालीचा हवा. फरशी पुसायच्या द्रावणाची आठवण झाली, तर माल शिळा किंवा अर्क हलका समजावा.

मी अलीकडे चाखली ती गव्हाची बिअर आणि ग्रेपफ्रूटचं पेय यांची निम्मी-निम्मी भेळ. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याचं अपत्य. त्यामुळं वास ओळखीचा निघाला, गणपतीत पपनस सोलताना बोटांना लागतो तसा. पहिला घोट गोड, दुसराही गोड. मग मी थोडं पाणी पिऊन थांबले. पारखताना हे थांबणं फार महत्त्वाचं. साखर जिभेवरून ओसरली, की खाली काय आहे ते कळतं. गव्हाच्या बिअरमध्ये पावासारखी एक मऊ चव असते, मागं केळ्याचा, लवंगेचा पुसट वास असतो. इथं त्यातलं जवळजवळ काही हाती लागलं नाही. किंचित कडवटपणा होता, तोही बहुधा फळाचाच.

म्हणून मी दोन वेगळे गुण दिले. उन्हाळी पेय म्हणून दहापैकी आठ, बिअर म्हणून चार. एकच आकडा दिला असता तर दोघींवरही अन्याय झाला असता.

आणि हो, ही गोडी मद्याला छान लपवते. बाटलीवर अडीच टक्के लिहिलेलं असतं, पण अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेबारा मिलिलिटर मद्य होतं. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या पाव लिटरात असतं तेवढंच. आपल्या देशातल्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर मद्य असलं, की ते मद्यपेय. तेव्हा घरात कुणी न पिणारं असेल, तर त्यांच्या हाती पेला देण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा वाचा. नुसत्या चवीवरून त्यांना ते कळणार नाही. मलाही पहिल्या दोन घोटांत कळलं नव्हतं.