त्सिगॉयनर, रोमा आणि आपला डोंबारी



जुन्या वळणाच्या जर्मन उपाहारगृहात मेन्यूकार्डावर 'त्सिगॉयनरश्निट्झेल' अजूनही कधीकधी दिसतं. मुलं विचारतात, त्सिगॉयनर म्हणजे कोण? आपण 'जिप्सी' म्हणून मोकळे होतो. मराठीत जिप्सी म्हटलं की कुणीतरी मनस्वी भटक्या डोळ्यांपुढे येतो. पाडगावकरांच्या 'जिप्सी'मुळे तर जास्तच! जर्मन शब्दाची कथा मात्र इतकी गोड नाही.

बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ 'अथिंगानोई' या ग्रीक शब्दात शोधतात. बायझंटाईन काळातल्या एका पंथाचं हे नाव, अर्थ शिवाशिवीशी जोडलेला. म्हणजे नाव दुसऱ्याच कुणाचं, चिकटलं यांना. 'त्सी-गाउनर' म्हणजे फिरता भामटा, ही फोड लोकांनी मागाहून जुळवली. तिला भाषाशास्त्राचा आधार नाही. हे लोक जर्मनीत आल्याची पहिली नोंद हिल्डेसहाइमची, १४०७ सालची. म्हणजे सहाशे वर्षं इथे राहूनही ते परकेच! नाझींनी तर आउशवित्समध्ये त्यांच्या हातावर क्रमांकाआधी या शब्दाचं आद्याक्षर, 'झेड', गोंदलं. म्हणून आज हा शब्द अनेकांना शिवीसारखा लागतो. सरकारी आणि वर्तमानपत्री भाषेत आता 'सिंती आणि रोमा' म्हणतात. दोन्ही नावं घ्यायची, कारण जर्मनीतले बरेच सिंती स्वतःला रोमा म्हणवत नाहीत.

आता आपल्या जवळची गोष्ट. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', काळ्याला 'कालो' म्हणतात. 'रोम' म्हणजे माणूस, नवरा. हा शब्द संस्कृत 'डोम्ब'शी जोडला जातो. युरोपात 'ड'चा 'र' झाला. आर्मेनियाकडे 'लोम', पश्चिम आशियात 'डोम' राहिला. आणि मराठीत? डोंबारी! दोरीवर चालणारा, ढोलकी वाजवणारा. त्यांनी तो शब्द 'माणूस' म्हणून अभिमानाने मिरवला. आपण मात्र विधानसभेतल्या गोंधळालाही 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणून हिणवतो. मुलांना त्सिगॉयनर म्हणू नका असं सांगताना हेही सांगावं लागेल.

बर्लिनला गेलात तर संसदभवनाजवळ मारे गेलेल्या सिंती-रोमांचं स्मारक आहे, २०१२ साली उघडलेलं. काळ्या पाण्याचं गोल कुंड, मधोमध त्रिकोणी शिळा. तिच्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. मुलांना जरूर न्या.