कातर, यंत्र आणि आपली अक्षरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्याचे सारे आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात गेले अशा माणसाला कलेच्या विषयावर बोलावयास उभे करणे, हे आपल्या कार्यकारिणीचे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु विषय कलेचा नसून कलेच्या यंत्राचा आहे, असे आम्हांस सांगण्यात आले. दोन वर्षांपूर्वी मंडळाने कागद कापण्याचे घरगुती यंत्र विकत घेतले. ते चालविण्याचा भार, कोणी पुढे येईना म्हणून, आमच्यावर आला. तेव्हापासून आजतागायत आम्ही जेवढी कार्डशीट वाया घालविली, तेवढा कागद आमच्या कार्यालयानेही एका वर्षात खर्च केला नसेल. या अपव्ययातून जे थोडे पदरी पडले ते आपल्यापुढे ठेवतो.

यंत्र घ्यावे का लागले, हे नव्या सभासदांस ठाऊक नसेल. पूर्वी आपल्या गणपतीचे मखर थर्माकोलचे असे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा आपण इकडे निश्चिंत होतो. पुढे केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले. सरकारी नोकराने तरी नियम मोडू नये, म्हणून त्या वर्षी मखर पुठ्ठ्याचे करण्याचे ठरले. ते केले आपल्या ताईंनी. ताई म्हणजे कोण हे या सभागृहात सांगणे नलगे. हातात एक कातर आणि समोर पतंगी कागदाचा गठ्ठा, एवढ्या सामग्रीवर त्यांनी या मंडळाची किती तोरणे, किती पताका आणि किती झिरमिळ्या केल्या याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. परंतु त्यांची बोटे आता पूर्वीसारखी वळत नाहीत. म्हणून यंत्राचा ठराव आला, आणि यंत्र घरात येताच ताई घरी बसल्या. त्यांना कोणी बोलावले नाही. ही चूक आमचीही आहे, आणि तिचे प्रायश्चित्त आम्हांस लौकरच मिळाले.

यंत्र तसे साधे आहे. चिकट थर असलेल्या चटईवर, जिला सारे मॅटच म्हणतात, कागद पसरावयाचा. यंत्र ती मॅट रुळांमधून मागेपुढे नेते आणि वरचे इवलेसे पाते डावी-उजवीकडे फिरत संगणकात काढलेली रेषा कापते. पाते कागदातून ओढले जाते आणि वळणावर स्वतःभोवती फिरते. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ दोषांची कारणे आपोआप उमगतात. ओढल्या जाणाऱ्या पात्याखाली कागद जरा जरी सरकला तरी तो कापला न जाता फाटतो. सबब, बिघाड झाला की आधी मॅट पाहावी, मग पाते, आणि यंत्राला दोष सर्वांत शेवटी द्यावा. आम्ही वर्षभर हा क्रम उलटा ठेवला.

मॅट एकाच प्रकारची नसते. क्रिकटच्या मॅट रंगावरून ओळखतात. पातळ कागदाला कमी चिकट अशी निळी, कार्डशीट आणि व्हिनाइलला हिरवी, जाड पुठ्ठ्याला जांभळी आणि कापडाला गुलाबी. आम्ही पतंगी कागद जांभळीवर लावला होता. तो निघाला, पण चिंध्यांच्या रूपाने. मॅटवर धूळ आणि कागदाचे तंतू बसून तिचा चिकटपणा गेला की कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हलक्या हाताने धुवावी, पुसू नये, उभी करून वाळू द्यावी. बराचसा चिकटपणा परत येतो. काम संपताच तिच्यावरची प्लॅस्टिकची पारदर्शक झाकणी पुन्हा लावावी. ही झाकणी कचरा समजून टाकून देणारा गृहस्थ आपल्यापुढे उभा आहे.

कापून झालेला कागद मॅटवरून सोलू नये, ही दुसरी गोष्ट. हात स्वाभाविकपणे कागदाकडे जातो आणि कागदाची सुरळी होते. मॅट पालथी घालावी, कागद टेबलावर सपाट राहू द्यावा आणि मॅट वाकवून त्याच्यापासून सोडवावी. वाकायचे ते मॅटने, कागदाने नव्हे. आमच्या पहिल्या वर्षीच्या कमळांच्या पाकळ्या ज्या भजीसारख्या वळल्या होत्या, त्याचे कारण एवढेच होते.

पात्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. चमकीच्या कागदाने ते लौकर बोथट होते, म्हणून चमकीला जुने पाते वेगळे ठेवावे. टोकाला तंतू अडकले असतील तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा गोळा करून पाते त्यात पंधरा-वीस वेळा टोचावे. त्याने नवी धार येत नाही, पण टोक साफ होते. जाड कार्डशीट एका जोरकस फेऱ्यात कापण्याऐवजी कमी दाबाच्या दोन फेऱ्यांत कापावी. आणि मॅट यंत्रातून बाहेर काढण्यापूर्वी टाचणीने एक कोपरा उचलून पाहावा. कापला गेला नसेल तर तिथल्या तिथे आणखी एक फेरा द्यावा. मॅट एकदा बाहेर आली की तीच रेषा पुन्हा सापडत नाही. पूर्ण नक्षी कापण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा एक चौकोन कापून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. आम्ही ते अर्धे मिनिट वाचविले आणि सोनेरी कार्डशीटचे अकरा ताव घालविले. खजिनदारांनी त्याचा हिशेब अद्याप मागितलेला नाही, याबद्दल त्यांचे आभार.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. गेल्या वर्षी मंडळाने पन्नासाव्या वर्षात पाऊल टाकले, तेव्हा व्यासपीठावर लावण्यासाठी फलक करावयाचा होता. मजकूर होता, ‘मंडळाचे सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण, सर्वांचे स्वागत’. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, ती यंत्राला सोपी जातात. आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांचे हात धरून उभी असतात, आणि इथेच यंत्राचे आणि आपले बिनसले. प्रथम यंत्राच्या सॉफ्टवेअरला ‘सुवर्ण’ मधला रफार कळेना. त्याने पाय मोडका र आणि पुढे ण असे दोन वेगळे जीव उभे केले. त्यावर तोड काढली ती अशी की, मजकूर इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये लिहावा, तिथे रफार आणि जोडाक्षरे नीट उमटली आहेत हे पाहावे, मग त्या अक्षरांचे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या आज्ञेने रेषाकृतीत रूपांतर करावे, म्हणजे पुढे ती कोणत्याही यंत्रावर बिघडत नाहीत.

तरीही पहिला फलक कापला तेव्हा प्रत्येक शब्दाचे तुकडे हाती आले. कारण असे की, संगणकाच्या टंकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते, ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढते, आणि डोळ्याला सलग दिसते. यंत्राला डोळे नाहीत. ते प्रत्येक अक्षराची कड कापते, त्यामुळे सांध्यासांध्यावर चीर पडते. रेषाकृती केल्यावर गट सोडवून शब्दातील सर्व अक्षरे ‘युनियन’ ने एकजीव करावी लागतात. क्रिकटच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच ‘वेल्ड’ म्हणतात. हे केले की शब्द अखंड निघतो, शिरोरेषेला धरून तोरणासारखा उचलता येतो. इंग्रजी शब्दाला हे सुख नाही.

हे सारे साधले आणि उत्सवाच्या आदल्या रात्री फलक सुरेख कापला गेला. अक्षरांच्या पोटांतले आणि कडेचे नको असलेले तुकडे काढण्याचे काम मुलांकडे दिले होते. त्यांतल्या एका चिमुरडीने तळहातावर दोन सोनेरी टिकल्या धरून विचारले, ‘‘काका, ये गोल-गोल क्या है? फेंक दूँ?’’ आम्ही तेव्हा यंत्राच्या तारेशी झगडत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘‘छोटे तुकडे सगळे टाक.’’

दुसऱ्या दिवशी फलक लागला. पहिल्या रांगेत बसलेल्या एका संस्थापक सभासदांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचले, ‘‘मडळाचे सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण, सर्वाचे स्वागत.’’ मग शांतपणे म्हणाले, ‘‘पन्नास वर्षांत या मंडळातून पुष्कळ गेले. अनुस्वार तेवढा जायचा राहिला होता.’’

सभागृह हसले. आम्हीही हसलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. ती मुलगी आपल्या मंडळातलीच, तिचे आईवडील दोघेही मराठी, घरी मराठी बोलणारे. अक्षर तिला येते ते शाळेतल्या हिंदीमुळे, परंतु कापलेल्या टिकलीत तिला मराठीचा अनुस्वार दिसला नाही. आणि ज्याला दिसायला हवा होता, त्याने ‘टाक’ म्हणून सांगितले.

त्या संध्याकाळी आम्ही ताईंकडे गेलो. जायला एक वर्ष उशीर झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत, यंत्राचे कापलेले नमुने मात्र उलटसुलट करून पाहू लागल्या. म्हणाल्या, ‘‘भाऊ, कागदालाही कापडासारखे उभे-आडवे असते. दोन्हीकडून वाकवून बघा. ज्या बाजूला सहज वाकेल ती त्याची उभी. लांब झिरमिळ्या तिच्या दिशेने कापाव्यात, नाहीतर मोडतात.’’ आम्ही करून पाहिले, खरे निघाले. भाद्रपदातल्या दमट हवेत कागद नरमतो आणि पाते त्यात अडकते, ही तक्रार सांगितली. त्या आत गेल्या आणि गादीखालून वर्तमानपत्राच्या घडीत बांधलेला कागदांचा गठ्ठा काढून आणला. ताव कोरडे आणि सपाट, पापडासारखे. तेव्हापासून मंडळाचा कागद यंत्राशेजारी न राहता ताईंच्या गादीखाली राहतो.

टिंबांचा प्रश्नही त्यांनीच सोडविला. अक्षरे कापून काढल्यावर उरलेला जो जाळीदार ताव आपण टाकून देतो, तो टाकू नये. तो फलकावर हलकेच टेकवावा आणि त्याच्या भोकांत अक्षरे, टिंबे, सारे आपापल्या जागी बसवावे. मग जाळी उचलून घ्यावी. एकही अनुस्वार ढळत नाही, आणि एखादे भोक रिकामे राहिले तर ते डोळ्याला टोचते. इंचभर उंचीच्या अक्षराचे टिंब मुळात फार बारीक असते, ते मॅटवरच उचकटते. म्हणून टिंब तेवढे संगणकावर सव्वापट करावे. शुद्धलेखनाला त्याने बाध येत नाही.

रांगोळीसाठी अक्षरांचा छाप कापायचा असेल तर अडचण उलट होते. तिथे अक्षर हे भोक असते, आणि प, म, ष, व यांची पोटे निराधार होऊन गळून पडतात. त्यांना कडेशी जोडणारा बारीक पूल ठेवावा लागतो. पूल कुठे आणि किती ठेवावा हे आम्ही इथून तासा-दीड तासावर असलेल्या मथुरेला जाऊन पाहिले. व्रजातल्या देवळांत पितृपक्षात सांझी काढतात. आपल्या पंचांगाने तो भाद्रपद वद्य, इकडच्या पौर्णिमान्त पंचांगाने आश्विन कृष्ण, म्हणजे आपला गणपती उठल्यावर लगेचच. कारागीर बारीक कातरीने कागदात मोर, कदंब, गाई अशा कोरतात की सारा छाप एकाच कागदाचा राहतो, काही गळत नाही, आणि त्यातून रंग भुरभुरून जमिनीवर चित्र उतरते. एकेका रंगाला वेगळा छाप लागतो. त्यांचे पूल चुकून राहिल्यासारखे दिसतच नाहीत. ते मोराच्या मानेची रेघ होतात, पानाची शीर होतात. आमच्या ‘म’ चे पूल मात्र अजून कुबड्यांसारखे दिसतात. या बाबतीत आम्ही अद्याप उमेदवारच आहोत.

असो. वेळ झाला, आणि चहा निवत असल्याचे हातवारे मागून होत आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता या सभागृहात सुवर्णमहोत्सवाची कमान कापावयाची आहे. मखर चार फूट उंच असेल आणि मॅट १२ इंचांची, त्यामुळे तुकडे पुष्कळ होतील, हात लागतील. ताई येणार आहेत. त्यांच्यासाठी खिडकीजवळ पाठीची खुर्ची ठेवावी, कार्यवाहांनी तेवढे पाहावे. मुलांना अवश्य आणावे. येताना जुनी वर्तमानपत्रे आणि एकेक टाचणी आणावी. टिंबांसाठी एक पितळी डबी केली आहे. ती त्याच चिमुरडीच्या ताब्यात दिली असून, तिला विचारल्याशिवाय कोणीही, आम्हीसुद्धा, काहीही टाकावयाचे नाही असे ठरले आहे.