शिवणीची माया
(कामरगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे एका अगदी घरगुती वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे गोधडी. कामरगावचा हा परिसर कपाशीचा. येथील मुलांना कापूस शेतात दिसतो आणि जुन्या लुगड्यांच्या रूपाने घरातही दिसतो. झिजलेले लुगडे टाकून न देता त्याचे थर करून, वर धडके तुकडे जोडून, आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या थंडी निवारली. याच वऱ्हाडात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना त्यांच्या चिंध्यांच्या वेषामुळे लोक गोधडे महाराज म्हणत. ठिगळाची लाज बाळगू नये, अस्वच्छतेची बाळगावी, हा धडा त्यांच्या राहणीतच होता.

आता माझी एक चूक सांगतो. चौथीच्या वर्गात मी गोधडीचा पाठ योजला. लांबी 180 सेंटिमीटर, रुंदी 120 सेंटिमीटर. पंधरा सेंटिमीटरांचे चौरस घेतले, तर बारा गुणिले आठ, म्हणजे 96 तुकडे. क्षेत्रफळाचा ताळाही बरोबर जमला. एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, गोधडी तोकडी होईल.” मी तिला फळ्याकडे बोट दाखवून खाली बसविले. तुकडे कापले, शिवले, कडा दुमडल्या आणि मोजले, तो लांबी 156 आणि रुंदी 104! वीतभराहून अधिक लांबी नाहीशी झाली होती. त्या मुलीची आजी शाळेत आली होती. तिने तुकडा उलटून पाहिला आणि विचारले, “गुरुजी, माया ठेवली नाही काय तुमी?”

शिवणीसाठी कडेला जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात, हे आपण जाणताच. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर माया धरली, तर पंधराच्या चौरसासाठी सतराचा तुकडा कापावा लागतो. 289 चौरस सेंटिमीटर कापडातून वर दिसतात 225. उरलेले 64 शिवणीत जातात. ते वाया जात नाहीत. त्यांच्यावरच सारी गोधडी टिकते. फिक्या आणि गडद कापडाचे चौरस कर्णावर कापून त्रिकोण जोडावयाचे असतील, तर साडेअठरांचा चौरस घ्यावा, कारण कर्णावरची शिवणही जागा खाते. कर्णावरची कड ताणली की वाढते, म्हणून ती न ओढता शिवावी. अशा चार चौकटी फिरवून जोडल्या की मधोमध भिंगरी उमटते. भूमितीची आकृती मुलांच्या हातात येते, ती अशी.

पुढे त्या आजींनीच आम्हांला थर अंथरून दाखविले. जमीन झाडून अस्तर ताणावे, कोपऱ्यांवर दगड ठेवावेत, सुती लुगड्यांचे थर सुरकुती न ठेवता पसरावेत, वर जोडलेला भाग घालावा, आणि कडेपासून धावदोरा घालीत आत आत यावे. थरांमध्ये हवा कोंडून राहते, म्हणून एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थर अधिक ऊब देतात. विज्ञानाचा हा पाठ कोणत्याही उपकरणावाचून होतो.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. त्या विचारातील मर्म आजही कामाचे आहे: उद्योग हा गणिताचा अलंकार नव्हे, गणिताची कसोटी आहे.

आपल्या शाळेत आरंभ करावयाचा झाल्यास गोधडीऐवजी बसकराने करावा. चार तुकडे सतरांचे. तयार बसकर तीस बाय तीस. कापड धुऊन उन्हात वाळविलेले असावे. कोणत्याही मुलाला कापड आणण्याची सक्ती करू नये. ज्याच्या घरी जुने कापडच अंगावर आहे, त्याने काय आणावे? सुया देताना आणि घेताना मोजाव्यात. आणि सुई मुलग्यांच्याही हाती द्यावी. घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्याही असतात. त्या घाम शोषीत नाहीत; म्हणून सुती तुकडे निराळे काढण्यास मुलांना शिकवावे.

त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर क्षमा मागितली आणि पुढचे माप तिला काढावयास सांगितले. तिने उत्तर तोंडीच दिले: “सतरा.” हे तिला घरी ठाऊक होते, विचारण्याचे काम माझे होते, ते मी केले नव्हते. आपल्या वर्गातील प्रत्येक मूल असे काहीतरी घरून घेऊन येते. आपण पाठाचे माप काढताना त्याच्यासाठी थोडी माया सोडावी, एवढीच माझी विनंती आहे.