अन्न आणि कांती
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषय आमच्या मर्जीवर सोडण्यात आला होता. इतिहास आणि साहित्य यांवर बोलणारे अधिकारी या मंचावर आहेत. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. म्हणून रोजच्या ताटातलाच विषय घेतला. आपण जे खातो त्याचा आपल्या कातडीशी काय संबंध? प्रारंभी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे.

प्रार्थनेनंतर मुलांची नखे, केस, गणवेश तपासण्याची आमची जुनी सवय. नववीतल्या एका मुलीची मान काळी दिसली, मळ साचल्यासारखी. "मान धुवून येत जा," असे आम्ही सर्वांदेखत म्हटले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मान लाल झाली होती. लिंबू लावून काथ्याच्या घासणीने तिने ती खरवडली होती. काळेपणा मात्र जागचा हलला नव्हता. मागोमाग तिची आई आली. "टीचर, रोज घासतो हो आम्ही. कातडं निघालं, पण काळं काही निघंना."

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी साबणाची चौकशी केलीच नाही. मुलगी दिवसभरात काय खाते, काय पिते, घरात कोणाला मधुमेह आहे का, एवढेच विचारले. मग रक्त तपासावयास सांगितले. मानेच्या घड्यांत व काखेत मखमलीसारखी जाड, काळसर होणारी ही त्वचा, हिला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स असे लांबलचक नाव आहे. बहुधा असे घडते की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, म्हणून ते अधिकाधिक इन्सुलिन तयार करते. आणि ते वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढावयास लावते. मळ नव्हेच तो. पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना होती, आणि विज्ञान शिकविणाऱ्या आम्हांस ती वाचता आली नाही.

वाईट याचे अधिक वाटले की, मानेवरून ताट ओळखण्याची विद्या या शहरास नवी नाही. कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी लहानशा प्रमाणावर सुरू केलेली आहारसंशोधनाची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. हे नाव तिला १९६९ साली मिळाले. येथे आल्यावर डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांच्या दृष्टीस एक रोग वारंवार पडू लागला : पेलाग्रा. रोगी बहुतेक गरीब, उन्हात राबणारे. जिथे जिथे ऊन लागे तिथे, म्हणजे हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती, कातडी भाजल्यासारखी काळी व खरखरीत होई. गळ्याभोवतीच्या या पट्ट्यास 'कासालचा हार' म्हणतात; गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने अठराव्या शतकात या रोगाचे वर्णन केले होते. कातडीपाठोपाठ जुलाब लागत, आणि पुढे बुद्धीवर परिणाम होई. काही रोगी तर मनोरुग्णालयातच दाखल होत.

जगभर या रोगाचा संबंध मक्याशी जोडला जात असे. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो संसर्गजन्य आहे असा बोलबाला होता. १९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस तपासास धाडले. त्यांच्या ध्यानात आले की, अनाथाश्रमांत व वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांना तो होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. मग हा संसर्ग कसला? त्यांनी मुलांस दूध, अंडी, मांस देवविले आणि रोग हटला. तरी लोकांस पटेना, तेव्हा त्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःस टोचून घेतले, त्यांच्या खपल्या पिठात कालवून गिळल्या. त्यांच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. कोणास काही झाले नाही. अन्नातला तो उणा घटक म्हणजे निकोटिनिक आम्ल, हे १९३७ साली एल्वेहेम यांनी दाखविले. त्याआधीच १९२९ साली गोल्डबर्गर निवर्तले होते.

परंतु आपल्याकडे मका कुठे? आपल्याकडे ज्वारी. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होते. आमच्या नानीचे माहेर त्यांतलेच. दोन्ही वेळा भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि डाळ घरात असली तर. ज्वारीत मक्याइतकी उणीव नाही, मग पेलाग्रा का? गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मांडले की, ज्वारीतील ल्यूसीन या घटकाचे आधिक्य शरीराच्या निकोटिनिक आम्ल तयार करण्याच्या कामात अडथळा आणते. यावर विद्वानांत पुढे बराच वाद झाला. परंतु एवढे निर्विवाद की, भाकरीला डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे यांची जोड मिळाली त्या घरी हा रोग गेला नाही. दोष भाकरीचा नव्हता, ती एकटी पडली होती. आमच्या घरी रमजानात हलीम शिजतो. त्यात गहू, डाळी आणि मांस एकाच देगीत असतात. रसायन ठाऊक नसताना स्वयंपाकघराने ते जमवून ठेवले.

१९८३ साली आंध्र सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ दिला. गरिबांच्या ताटातली ज्वारी मागे पडत गेली आणि पेलाग्राही दुर्मिळ झाला. ही चांगलीच गोष्ट घडली. पण त्याच ताटात मग पांढरा भात, मैदा, साखर आणि रंगीत पेये चढत गेली. गंमत पाहा, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि नानीची भाकरी आता महाग पुड्यांत विकली जाते. एके काळी उणिवेने काळी पडणारी मान आता अतिरेकाने काळी पडू लागली आहे. दोन्ही वेळा माणूस आरशात पाहतो आणि साबण शोधतो.

आमच्या शाळेतल्या मुली दोन प्रश्न हटकून विचारतात. माशांवर दूध प्यायल्याने कोड येते का? नाही; कोडात शरीराची संरक्षक यंत्रणाच रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्यात बिचाऱ्या माशाचा काही अपराध नाही. दुसरा, गोरे होण्यासाठी काय खावे? यास आमचे उत्तर एकच असते : कातडीचा मूळ रंग आईबापांकडून येतो, ताटातून नव्हे. औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी आणलेली मलमे तोंडास फासू नका. त्यांत स्टेरॉइड असले तर चेहरा पातळ होतो, लाल होतो, आणि मग सुधारण्यास महिने लागतात.

आता न्यासाकडे एक मागणे. आपल्या रविवारच्या वर्गांना येणाऱ्या मुलांस दर खेपेस बिस्किटांचा पुडा आणि गोड सरबत मिळते. देणगीदारांचे मन मोठे आहे, त्याविषयी शंका नाही. इफ्तारला आमच्या घरीही तेच लाल सरबत असते आणि आम्हीही दोन पेले पितो. तथापि त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे व फुटाणे, ज्यांस चालते त्यांस उकडलेले अंडे, आणि पेलाभर ताक द्यावे. वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरांनी मुलांच्या माना पाहाव्यात, आणि पाहताना इतर मुले तेथे नसावीत.

ती मुलगी आता दहावीत आहे. घरात सरबताची बाटली येणे थांबले, ती रोज आईबरोबर चालावयास जाते. मान थोडी उजळली, पुरती नाही. आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "राहू द्या ना, टीचर."

शेंगदाणे, अंडी आणि ताक यांचा महिन्याचा खर्च किती येईल, असे कोषाध्यक्षांनी मघाशी विचारले. तो हिशेब आम्ही लिहून आणला आहे.